रेडिएटरमधली बाई कुठल्या रकान्यात टाकाल?

अतिवास्तववादी सिनेमा कळला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. न कळलेलं मोजता येतं आणि मोजलं की लेख होतो. साहित्य फार लागत नाही. एक वही, तिच्यात चार रकाने (पुरुष, स्त्रिया, वंश, अपंगत्व), मागे खोडरबर असलेली पेन्सिल आणि पॉजचं बटण. पेन घेऊ नका, का ते पुढे येईलच.

सरावाला डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड' (१९७७) बरा. ८९ मिनिटांत आटोपतो. कृष्णधवल असल्यानं वंशाच्या रकान्यात दोन्हींना समान न्याय मिळाला, असं मात्र लिहू नका. हा विनोद आधीच कुणीतरी करून बसलेलं असतं.

सुरुवात बेक्डेल कसोटीनं करा, म्हणजे सिनेमात बायकांना कितपत जागा आहे हे बघायच्या चाचणीनं. दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि विषय पुरुषाखेरीज दुसरा हवा. त्यांना नावं हवीत ही अट मागाहून चिकटली. मुळात ही १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधली गंमत होती, पण तसं लिहिलंत तर लेखाचं वजन जातं.

आता जेवणाचा प्रसंग. नायक हेन्रीला त्याच्या मैत्रिणीची, मेरीची, आई कोपऱ्यात गाठून मेरीला झालेल्या मुलाबद्दल जाब विचारते, तेव्हा मेरी रडत आईला सांगते की ते मूल आहे की नाही हेच अजून दवाखान्यात ठरलेलं नाही. पॉज. स्त्रिया दोन, संवाद झाला. विषय पुरुष होता का? जे मूल आहे की नाही तेच ठरायचंय, त्याचं लिंग कसं ठरवणार? निकाल राखून ठेवा. आईचं नाव 'मिसेस एक्स', म्हणजे एकच अक्षर. अर्धा गुण द्या.

त्याच घरात, स्वयंपाकघरात आजी बसलेली असते. हलत नाही, बोलत नाही. मिसेस एक्स तिच्या मांडीवर सॅलडचं भांडं ठेवते, तिचे हात आपल्या हातात धरून ते कालवून घेते, मग सिगारेट पेटवून तिच्या तोंडात खोचते. नवखे इथे भारावतात आणि पेन्सिल थांबते. तसं करू नका. ही एकटी बाई तुम्हाला दोन रकान्यांत खूण मिळवून देते. त्या घराला तिचे हात तेवढे लागतात, बाकीची आजी लागत नाही, हे समोर ढळढळीत दिसतं खरं. पण त्याला रकाना नाही. पुढे चला.

खरी गडबड टक्केवारीत होते. ऑस्करचे समावेशकतेचे निकष २०२४ च्या सोहळ्यापासून लागू झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उतरायचं तर चारांपैकी दोन पुरे करावे लागतात आणि त्यांत वंचित गटांतल्या माणसांसाठी ३० टक्क्यांचा आकडा वारंवार भेटतो. हा सिनेमा मूठभर माणसांनी रेटत रेटत काही वर्षं केला. पाच जणांच्या चमूचे ३० टक्के म्हणजे दीड माणूस. पडद्यावर तर छेदच ठरत नाही, कारण मेरीचं ते बाळ कशाचं बनवलं होतं हे लिंचनं कधी सांगितलंच नाही. हेन्रीच्या खोलीतल्या रेडिएटरमध्ये (खोली गरम ठेवणाऱ्या यंत्रात) दिसणारी गाणारी बाई स्त्रियांत जाईल, पण तिचे फुगलेले गाल मेकअपचे आहेत. अपंगत्वात घातलेत तर वाचक धरतील.

उलटा घोटाळा हवा असेल तर दिग्दर्शक लुईस बुन्युएलचा 'दॅट ऑब्स्क्योर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर' घ्या, तोही १९७७ चाच. कोंचिता एकच, पण कारोल बुके आणि आंखेला मोलिना या दोघी तिला आळीपाळीनं साकारतात. भूमिका मोजल्या तर एक बाई, मानधनाच्या पावत्या मोजल्या तर दोन. नायकाच्या हे लक्षातच येत नाही. तुमच्या आलं, यावर एक परिच्छेद सहज निघतो.

'इरेझरहेड'ची बेरीज मात्र घाईनं करू नका. हेन्रीचं मुंडकं गळून पडतं, एक पोरगा ते उचलून पेन्सिलींच्या कारखान्यात नेतो आणि तिथे त्याचं खोडरबर होतं. कारखान्यातला माणूस एक रेघ ओढतो, खोडून बघतो. रबर चालतं. पुरुषांच्या रकान्यातून हेन्री खोडायचा तो इथे.