स्टेटसवरचं वचन आणि कळण्याची भाकर

आज सकाळी सात वाजेच्या आत व्हॉट्सॲपवर बायबलमधलं एकच वचन चार ग्रुपवर आलं, यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकातला एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन), मागे सूर्योदय, खाली गुलाबाची फुलं. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो", देवाचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मीपण वर्षानुवर्षं हेच पाठवत आलोय, मुलांच्या दहावी-बारावीला तर हमखास. पण खरं सांगतो, तो पूर्ण अध्याय मी वयाच्या चाळिशीपर्यंत कधी सलग वाचलाच नव्हता. संडे स्कूलमध्ये वचन पाठ केलं, बक्षीस म्हणून कंपास पेटी मिळाली, विषय संपला.

वाचला तेव्हा जरा हादरलोच. ते पत्र आहे हो! यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, पाठवलेलं पत्र. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, लिहिलंय की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर!! म्हणजे ज्यांनी ते पत्र हातात घेऊन वाचलं त्यातल्या बहुतेकांची हाडं तिकडेच जाणार होती. त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचा, तिथं हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोनच वर्षं, मग सगळं परत येईल. लोकांना कोण आवडला असेल ते सांगायला नको. आणि आपण काय करतो, वचन यिर्मयाचं घेतो आणि अर्थ हनन्याचा लावतो. अर्जंट डिलिव्हरी.

मग त्या सत्तर वर्षांत करायचं काय? तर पाचव्या-सहाव्या वचनांत आहे, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा. सातव्यात, ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. इथं मी बरेच दिवस अडकलो, कारण आपल्या ओळखीचा सगळा गुंता इथंच आहे. मागे कॉलनीत एकाने मला अगदी प्रेमाने विचारलं, "सर तुम्ही ख्रिश्चन ना, मग अहिराणी इतकी चांगली कशी बोलता?" हसावं का रडावं! अरे बाबा, माझी मोठी माय पांझरेच्या पाण्यावर वाढली, घरात देवाशी भांडणसुद्धा अहिराणीत व्हायचं. धुळं आमचं बाबेल नाही, आमचे आजे-पणजे इथल्याच मातीत आहेत. पण बाबेलमध्ये राहणाऱ्यालाही शहराचं भलं बघ म्हटलंय, तर मग आपल्याला तर सूटच नाही.

आणि "ख्रिस्ती" हा शब्द तरी आपण कुठे स्वतःला लावून घेतला? नव्या करारात तो फक्त तीन वेळा येतो. पहिल्यांदा प्रेषितांच्या कृत्यांत ११:२६ ला, अंत्युखियात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव "मिळालं". आजूबाजूचे लोक म्हणायला लागले. दुसऱ्यांदा तर अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे. म्हणजे दाखल्यावर लिहिलेला धर्म ही एक गोष्ट आणि शेजाऱ्याने बघून दिलेलं नाव ही दुसरी. माझ्या शेजाऱ्याने काय नाव दिलं असतं याचा विचार केला तर (पार्किंगवरून झालेली भांडणं धरून) जरा अवघडच आहे.

मोठी माय चौथी शिकलेली. भाकरी थापताना एकच वचन पुटपुटत राहायची, दिवसच्या दिवस. आम्हाला वाटायचं म्हातारपण. नंतर कळलं की स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस मनन करण्यासाठी जो हिब्रू शब्द आहे, हागा, त्याचा अर्थच मुळात पुटपुटणं, गुणगुणणं असा आहे, यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला तोच शब्द वापरलाय. म्हणजे ती हिब्रू न शिकता बरोबर करत होती. मी धडाधडा अध्याय वाचून दाखवला की म्हणायची, "वाचं ते ठीक, पन तुले काय समजनं?" आजही याचं उत्तर देताना घाम फुटतो.

नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बाळांसाठी दूध आणि मोठ्यांसाठी जड अन्न असं आहे ना, त्या जड अन्नाला मी आपल्या भाषेत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर म्हणतो. ती चावावीच लागते, ठेचा असला तरी. स्टेटसवरचं वचन म्हणजे दुधाची पिशवीपण नाही, नुसतं पिशवीवरचं चित्र. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ ला जाईपर्यंत त्या कामाला लागलेल्या, ते कमी शिकलेल्या बायकांनाही स्वतः वाचता यावं म्हणून. आणि आपण पदव्या घेऊन एक ओळ फॉरवर्ड करतो, तीपण पूर्ण न वाचता.

सध्या आम्ही पाच जण शुक्रवारी संध्याकाळी बसतो. पाळक साहेब नाहीत, माईक नाही. दोन महिन्यांत यिर्मयाच्या त्याच अध्यायाच्या सातव्या वचनापर्यंत पोचलोय, कारण एकाने विचारलं की नगराचं हित म्हणजे आपल्या वॉर्डातल्या पाण्याचा प्रश्नपण का, आणि तीन शुक्रवार त्यातच गेले. येत्या शुक्रवारी आठवं आहे, तुमच्यामधले संदेष्टे तुम्हाला न फसवोत, ते. शेवभाजी माझ्याकडे, भाकरी ज्याच्या त्याच्या घरून.