सागवानाचं कौतुक पुरे झालं

सागवान, सागवान! ऐकून कान किटले. ज्याला रंधा मारावा लागतो त्याला विचारा ना! या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. सकाळी पटाशीला लावलेली धार दुपारपर्यंत बोथट. पुन्हा दगड, पुन्हा पाणी, पुन्हा घासत बसा. मी काम लाकडाचं करतोय की धारेचं? त्यात त्याचं अंगचं तेल. सांधा थिनरनं पुसून लगेच सरस लावला नाही, तर पकड कच्ची राहते. माझी एक अख्खी चौकट अशीच सुटली. आणि तो बारीक भुसा! मास्क लावूनही नाक चुरचुरतं, मनगटावर पुरळ उठतं. वाळवी सहसा लागत नाही, मान्य. पण आज तिसऱ्यांदा धार लावतोय, आणि अजून दोन फळ्या बाकी आहेत.