नॉर्वेचा नंबर पहिला, आणि आमच्या आजीचं गाव

आज सकाळी साडेनवाला लाइट गेले. कोथरूड, गुरुवार, नवीन काही नाही. लिफ्ट बंद, वरच्या टाकीत पाणी नाही, इन्व्हर्टरवर एक पंखा कसाबसा फिरतोय आणि नेमका तेव्हाच फॅमिली ग्रुपवर भाच्याचा मेसेज. तो ओस्लोला असतो. स्वच्छ ऊर्जेत कुठला देश पुढे, कुठला मागे अशी रंगीत यादी, वर सगळी थंडीतली मंडळी, आपण शोधावे लागतो इतके खाली, आणि खाली साहेबांची टिप्पणी, 'आपल्याला कधी जमणार हे?' वर कपाळावर हात मारणारं ते बाहुलं.

डोकंच फिरलं. ग्रुपवर टाइप करायला घेतलं होतं, पण तिथे मग सगळे 'जाऊ दे गं' सुरू करतात, म्हणून इथे लिहितेय.

माझी आजी, वडिलांची आई, मुळशीची. म्हणजे या साहेबांची पणजी. गाव धरणात गेलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. सेनापती बापटांना 'सेनापती' म्हणतात ते याच धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहामुळे, १९२१ साली रामनवमीला सुरू झालेला, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि पुढच्या धड्यावर जातो. लोक अंगावर माती घेऊन बसले, तुरुंगात गेले, तरी पन्नासेक गावं बुडाली ती बुडालीच. पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराला आणि वीज मुंबईला. एकदम स्वच्छ वीज बरं का, धूर नाही, राख नाही, यादीत घातली तर हिरवीगार दिसेल. आजीचे भाऊ वरच्या उतारावर राहिले, धरणाच्या काठावरच, त्यांच्या घरात पहिला बल्ब लागला तेव्हा मी सातवीत होते. तोवर कंदील.

तर नॉर्वे. त्यांची जवळजवळ सगळी वीज पाण्याची, मान्य. नवीन विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांतल्या नऊच्या आसपास इलेक्ट्रिक, तेही मान्य, आणि कर्वे रोडवर तोंडाला रुमाल बांधून हिंडणाऱ्या मी त्यावर काय बोलायचं. पण बाबा रे, तुमचा देश समुद्रातून तेल आणि गॅस काढून जगाला विकतो त्याचं काय? धूर जो जाळेल त्याच्या खात्यावर आणि पैसे तुमच्या सरकारच्या तेल-फंडात! वर माणशी वर्षाला २३,००० युनिटच्या आसपास वीज तुम्ही वापरता, आम्ही साधारण १,४००. थंडी असते, घरं तापवावी लागतात, कळतं. आइसलंड तर माणशी विजेत जगात पहिला, कारण निम्म्याहून जास्त वीज अॅल्युमिनियमच्या भट्ट्या खातात. हे त्या यादीत कुठल्या रंगात दाखवतात?

आणि फोसेन. भाच्याला विचारा माहितीये का. नॉर्वेतल्या या भागात पवनचक्क्या उभारल्या तिथल्या मूळच्या सामी लोकांच्या रेनडियरच्या कुरणांवर, त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की यात त्या लोकांच्या हक्कांवर गदा आलीय, तरी पाती फिरतच होती. ५०० दिवस झाले तरी फिरत होती, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी पोरंपोरी ओस्लोच्या मंत्रालयात ठाण मांडून बसली. पुढे तडजोड झाली, हे आहे. आमच्याकडे कोर्ट तरी कुठे होतं आजीच्या बाजूने.

आता ग्रुपवर काकांनी लगेच उत्तर दिलं की भारताने २०३० चं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं, निम्मी क्षमता कोळशाशिवायची. काका, क्षमता! गच्चीवर पॅनल आहे म्हणजे रात्री दिवा लागतो असं नाही ना. प्रत्यक्षात बनते त्यातली सत्तर टक्क्यांच्या वर वीज अजून कोळशाचीच. चंद्रपूरला, त्या कोळशाच्या वीजकेंद्राजवळ, आपलं कुणी नातेवाईक नाही म्हणून आपल्याला राख दिसत नाही, एवढंच.

हे लिहितालिहिता लक्षात आलं की माझ्याच घरात दोन एसी आहेत. गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलरचा विषय निघाला, सबसिडी पण होती, आणि 'पापड कुठे वाळत घालायचे' यावर तो बारगळला. मी तेव्हा गप्प बसले होते. खरं सांगायचं तर पापड माझेही होते.

आजी आमच्याकडे पुण्यात राहायला आली की रिकाम्या खोलीत दिवा दिसला की उठायची. गुडघे दुखत असायचे, भिंतीला धरून जायची आणि बटण बंद करायची. बोलायची काहीच नाही. आम्हाला वाटायचं म्हातारी चिकट आहे, बिल वाचवतेय.

मघाशी फोन केला त्याला. भांडायलाच केला होता. तो म्हणाला, 'आत्या, मला पणजीचं गाव माहीतच नव्हतं, नाव काय?' मी सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, मॅपवर टाकतोय पण नुसतं निळंच दिसतंय. म्हटलं निळंच दिसणार रे. मे महिन्यात ये, पाणी उतरलं की काठावर नेऊन दाखवते, माझ्या वडिलांनी मला दाखवलं होतं तसं. तिकीट बघतो म्हणाला. विमानाचा धूर कुणाच्या खात्यावर ते विचारणार होते, पण नाही विचारलं.

लाइट आलेत. पंप लावून येते.