पाळी थांबली, तर ताटाकडेही पाहावे

कोल्हापूरच्या घरी फोन केला की अलीकडे एक वाद हमखास ऐकू येतो: मुलीची पाळी लांबली तर पीसीओडी हा बीजकोशांचा विकार समजून तिला वजन उतरवायला सांगावे, की आणखी काही शोधावे? वजन खरोखर वाढलेल्या मुलीला तो सल्ला लागूही पडतो. परंतु जी मुलगी स्थळे पाहायला सुरुवात झाली म्हणून, किंवा कुस्तीच्या वजनगटात बसावे म्हणून, महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते आहे, तिला तेच सांगणे घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

शरीराला पुरेसे अन्न मिळेनासे झाले की चरबीत तयार होणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने सुटणारे जीएनआरएच हे संप्रेरक मंदावते. मग पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच आणि एफएसएच ही बीजकोशाला चालना देणारी संप्रेरके कमी येतात, बीजकोशात बीज पक्व होत नाही, इस्ट्रोजेन खालावते आणि पाळी बंद होते. ज्या वयात हाडे भरायची, त्याच वयात ती विरळ होऊ लागतात. वजन बेताचे असूनही अधाशासारखे खाऊन नंतर मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुलींची पाळीही बिघडते, आणि ते तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय उपासमारीने पाळी गेलेल्या काही मुलींच्या सोनोग्राफीत बीजकोश पीसीओडीसारखेच दिसतात, त्यामुळे केवळ त्या चित्रावर निदान करता येत नाही. संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी परत आली असेही नव्हे. आजार त्याखाली तसाच राहतो.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये खाण्याच्या आजारांवर २००४ पासून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, २०१७ मध्ये त्या नव्याने आल्या आणि त्यांत मानसोपचाराला मुख्य स्थान आहे. मात्र इथली विद्यार्थिनी खोलीत एकटी जेवते, तिने काय टाकून दिले हे पाहणारे कोणी नसते. आपल्याकडे देवघर आणि सणवार यांमुळे आईला मुलीची तारीख पाठ असते. एवढी जवळची नजर इथे मला कोणत्याही घरात दिसली नाही. दुःख याचे वाटते, की अंबाबाईच्या नवरात्रानंतरही उपवास लांबवत नेणाऱ्या मुलीचे त्याच घरात कौतुक होते. पाळीची तक्रार घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आलेल्या मुलीला, आई शेजारी नसताना, 'दिवसभरात काय खाल्लेस?' हे केसपेपर लिहितानाच विचारले जावे. त्याला नवे यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात.