निष्ठावंत व्हायचंय? आधी सतरंजी उचला

कोणता कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचा डबा) घ्यावा, हा नवख्यांचा प्रश्न. तुम्ही आधी शत्रू कोण ते ठरवा. सोनीचं प्लेस्टेशन घेतलंत तर एक्सबॉक्सवाले, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स घेतलंत तर प्लेस्टेशनवाले. निन्टेंडोला दोघांनी मिळून 'पोराटोरांचं खेळणं' म्हणायचं. पीएस-५ (प्लेस्टेशन-५) आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. एवढे पैसे मोजल्यावर दुसरा डबा घ्यायची ऐपत उरत नाही. त्या ऐपत नसण्यालाच निष्ठा म्हणतात.

भांडायचं कशावरून, याची काळजी नको, ते कंपनी पुरवते. नव्वदच्या सुमारास अमेरिकेत सेगा कंपनीने आपल्या जेनेसिस या कन्सोलची जाहिरात केली, 'जेनेसिस डज व्हॉट निन्टेंडोन्ट', म्हणजे निन्टेंडोला जमत नाही ते जेनेसिस करतो. शत्रूच्या नावातच नकार कोंबलेला! पोरं त्यावरून हमरीतुमरीवर आली. पुढे २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं आणि त्याच वर्षी तिच्या गेममधला लाडका नायक सोनिक निन्टेंडोच्या यंत्रावर पळायला लागला. २००७ मध्ये तर निन्टेंडोच्या मारिओच्या शेजारी ऑलिंपिकच्या गेममध्ये उतरला. हे दृश्य मराठी माणसाला समजावून सांगायला नको. साहेब स्टेजवर नवं उपरणं घालून हात उंचावतायत आणि खाली कार्यकर्ता सतरंज्या गोळा करतोय. तो कार्यकर्ता म्हणजे तुम्ही.

जाहिरात अंगाशी आली तरी गांगरू नका. २००६ मध्ये पांढरा पीएसपी (हातात धरून खेळायचा प्लेस्टेशन) आला, म्हणून सोनीने नेदरलँड्समध्ये होर्डिंग लावलं: पांढऱ्या कपड्यांतल्या गोऱ्या बाईने काळ्या बाईचा जबडा मुठीत धरलाय. आधी 'आम्हाला दोन रंगांतला फरक दाखवायचा होता' असा खुलासा झाला, मग बोभाटा वाढल्यावर होर्डिंग उतरलं. अशा वेळी कंपनीने माघार घेतली तरी तुम्ही घ्यायची नाही. 'हल्ली लोकांना कशाचाही राग येतो' हे वाक्य पाठ ठेवा. उलटा माराही तयार हवा. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये एक्सबॉक्सच्या जाहिरातीत आईच्या पोटातून सुटलेलं बाळ खिडकीतून उडतं, हवेतच म्हातारं होतं आणि थेट कबरीत आदळतं. ती टीव्हीवरून काढायला लावली. आपल्या कंपनीची असेल तर कला, समोरच्याची असेल तर विकृती. निकष एवढाच.

किमतीबद्दल कुरकुर शोभत नाही. पीएस-३ येण्याआधीच सोनीचे केन कुतारागी म्हणाले होते की, लोकांना वाटलं पाहिजे, जास्त तास काम करीन पण हा घेईन. मग अमेरिकेत त्याचं महागडं मॉडेल ५९९ डॉलरला आलं. ओव्हरटाइम करा.

यंत्र बिघडलं तर? एक्सबॉक्स ३६० तापून बंद पडायचा आणि पुढ्यात तीन लाल दिवे लागायचे. भक्तांनी काय करावं? तापलेलं यंत्र टॉवेलांत गुंडाळून आणखी तापवलं, म्हणजे आतलं सुटलेलं डाखकाम पुन्हा चिकटेल. आजीसुद्धा तापाच्या पोराला इतकं गुंडाळत नाही. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. म्हणजे दोष यंत्रात होता. तुम्ही मात्र 'तुमच्या घरी हवा खेळती नसेल' असंच सांगत राहा.

आता मुद्द्याचं, मानधनाचं. २००६ च्या डिसेंबरात पीएसपीसाठी वेडी झालेली दोन पोरं इंटरनेटवर अवतरली. नाताळची भेट म्हणून तोच हवा, असा त्यांचा हट्ट. भाषा मुद्दाम अशुद्ध. लोकांनी उकरून काढलं तेव्हा कळलं, पोरं जाहिरात कंपनीने बनवलेली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पीएसपीच्या वारसदाराच्या, म्हणजे सोनीच्या व्हीटाच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्यात हेही निघालं की जाहिरात संस्थेच्या नोकरांनी आपापल्या खात्यांवरून व्हीटाची वाहवा केली होती, नोकरीचा उल्लेख न करता. फसलेल्या गिऱ्हाइकांना २५ डॉलर नाहीतर ५० डॉलरचं व्हाउचर मिळालं.

बघा, म्हणजे बिचाऱ्यांना खोटे भक्त पगार देऊन उभे करावे लागत होते. तुम्ही तेच काम रात्री दोन वाजता, स्वतःच्या डेटा पॅकवर, मावसभावाशी अबोला धरून फुकट करता. व्हाउचरसुद्धा मागत नाही! कोणत्या मार्केटिंगवाल्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही?

एक्सबॉक्सवाल्यांसाठी ताजी सूचना. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहिरात काढली की फोन, लॅपटॉप, टीव्ही हे सगळेच एक्सबॉक्स. शिवाय 'हेलो' हा एक्सबॉक्सचा गेम, ज्याच्या जिवावर तुम्ही वीस वर्षं प्लेस्टेशनवाल्यांना हिणवलंत, तो २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर येणार असं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं. घाबरू नका, जुने मेसेज खोडत बसू नका. फक्त मावसभावाला फोन लावा आणि त्याच्याकडे दुसरा कंट्रोलर आहे का, ते सहज विचारल्यासारखं विचारा.