पूर्ण झालं की दाखवा हं!

हे वाक्य त्या गृहस्थांनी टाकलं तेव्हा मी चित्राखाली सही करत होतो.

हात मोकळा व्हावा म्हणून चित्रकलेच्या क्लासच्या मॅडमनी मला फ्रेंच चित्रकार मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ कॉपी करायला दिलं होतं. १८७२चं फ्रान्समधलं ल हाव्र बंदर : धुकं, होड्या, मागे क्रेन, धुराडी आणि एक नारिंगी सूर्य. ब्रश लांब धरायचा, लावलेल्या रंगाला पुन्हा हात लावायचा नाही. पाण्यातले ते नारिंगी फटकारे ‘सहज’ उमटावेत म्हणून मी ते इतके खरवडले की कॅनव्हासची वीण दिसायला लागली.

शेजारच्या ईझलवर हे गृहस्थ फोटोवरून मांजर रंगवतात. शून्य नंबरच्या ब्रशने, मिशीचा एकेक केस.

“होडीत कोण आहे?”

“माणूस.”

“चेहरा?”

“धुकं आहे ना.”

“मग धुकं जाईपर्यंत थांबायचं की! एवढी घाई कसली होती त्यांना?”

मग त्यांनी मोबाइलवर माझ्या चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला आणि विजयी मुद्रेने पुढे धरला. “बघा, सूर्यच गायब! टोन चुकला तुमचा.” मी सांगितलं, मूळ चित्रातही तसंच होतं. सूर्याचा उजेड भोवतालच्या आकाशाइतकाच ठेवलाय, फरक फक्त रंगाचा. म्हणून तर तो थरथरल्यासारखा दिसतो. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे त्यांचाही चुकला.”

१८७४च्या प्रदर्शनात लुई लरॉय या समीक्षकाने याच चित्राची टर उडवली होती : यापेक्षा अर्धवट छापलेला वॉलपेपर जास्त पूर्ण वाटतो, अशा अर्थाची. आमच्या गृहस्थांनी लरॉय वाचला नसणार. त्यांच्याकडे ते उपजतच आहे. बरं, हेच चित्र १९८५ मध्ये पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातून बंदुकीच्या धाकावर पळवलं गेलं. चोरांनीसुद्धा ‘पूर्ण झाल्यावर नेऊ’ म्हटलं नाही.

खरा राग वेगळाच आहे. मांजरापाशी सगळा क्लास थबकतो. “काय पेशन्स आहे हो!” आणि माझ्यापाशी? “मस्त, सुटलात लवकर.” खरवडून खरवडून मनगट धरलंय, ते कुणाला दिसणार? कष्ट दिसू द्यायचे नाहीत हीच तर अट, आणि दिसले नाहीत म्हणून मार्क कापणार.

निघताना त्यांनी दयेने स्वतःचा शून्य नंबरचा ब्रश माझ्या हातात ठेवला. “होडीतल्या माणसाला निदान नाक तरी काढा.”

ब्रश घेतला. मागेपर्यंत परत देणार नाही.