खडी कोण मोजणार?

गावातल्या कामात पैसा मुरतो, यावर आपल्याकडे कुणाचंच दुमत नाही. भांडण आहे ते उपायावर. एक बाजू म्हणते, हिशेब ग्रामसभेपुढे ठेवा, लोक बघून घेतील. दुसरी म्हणते, लोक काही बघत नाहीत, वरून कडक ऑडिट लावा. विकसनशील देशांतल्या सरकारी उत्तरदायित्वाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांची अख्खी हयात याच भांडणावर जाते. फक्त तोंड उघडण्याआधी मोजावं लागतं, आणि मोजायचं कसं हे शोधण्यातच निम्मी वर्षं सरतात.

अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्कन यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला इंडोनेशियातला अभ्यास घ्या. जावा बेटावरची 608 गावं, प्रत्येक ठिकाणी सरकारी पैशातून रस्ता होणार. चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडली आणि त्यांना आधीच सांगितलं की तुमचं ऑडिट होणारच. एरवी ती शक्यता 4 टक्के. काही गावांत हिशेबाच्या सभेची आमंत्रणं वाटली. रस्ते झाल्यावर इंजिनिअरांनी ते जागोजागी खणले, खडी-वाळू प्रत्यक्ष किती पडली ते काढलं, आसपासच्या दुकानांतून भाव घेतले, मजुरांना मजुरी विचारली. कागदावरच्या खर्चातून हे वजा केलं की उरतो तो गायब पैसा. पण थोडी खडी चोरी न होताही वाया जाते, मातीत दबते. तीही चोरीत धरली तर सगळं गणित चुकतं. म्हणून संशोधकांनी स्वतः छोटे रस्ते बांधून ही नेहमीची घट आधीच मोजून ठेवली.

ऑडिटमुळे एकूण खर्चातलं गायब पैशाचं प्रमाण सुमारे 8 टक्के बिंदूंनी घटलं. सभांनी एकूण फारसा फरक पडला नाही, मजुरीतली चोरी तेवढी कमी झाली. साहजिक आहे. आपली मजुरी किती हे मजुराला कळतं, खडी किती ब्रास पडली हे कोण मोजणार? आणि ऑडिटच्या गावांत पुढाऱ्यांचे नातेवाईक जास्त संख्येने कामावर लागले!

मात्र एका अभ्यासावर पताका लावू नयेत. युगांडात 50 आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांच्या गावकऱ्यांना केंद्राचं प्रगतिपुस्तक दाखवलं, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटल्याचं 2009 मध्ये छापून आलं. पुढे 376 केंद्रांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा मृत्यूदर हलला नाही. ‘फरक पडला नाही’ हा निकाल छापून आणणं कठीण, आणि प्राध्यापकाची नोकरी कायम होणं छापण्यावर अवलंबून. त्यामुळे पहिली बातमी जगभर जाते, दुसरी अभ्यासकांतच राहते. या संशोधनाच्या पद्धतीचा हा दोष मोठा आहे.

आपल्याकडे उणीव आहे ती मोजण्याची, कायद्याची नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येतच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. अर्जात मात्र सहसा झेरॉक्सच मागितल्या जातात. अंदाजपत्रक, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक या तिन्हींच्या प्रती मागा. एमबीत ज्या ठिकाणच्या थराची जाडी लिहिली असेल, त्याच ठिकाणचा नमुना त्याच अर्जात मागा. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नमुना काढताना शाखा अभियंता हजर हवा आणि जागेची नोंद त्याच्या सहीची हवी. नाहीतर ‘हा तुकडा आमच्या रस्त्याचा नाहीच’ हे उत्तर तयार असतं.